सिलिका कॉलम नेमका कुठे चुकतो: हळदीतली तीन कर्क्युमिनॉइड्स वेगळी करण्याची क्रमवार कृती

एमएस्सीच्या प्रोजेक्टच्या दिवसांत तेच दृश्य पुन्हा पुन्हा दिसतं. स्टँडमध्ये साठ टेस्टट्यूब, साठही पिवळ्या, आणि टीएलसी (सिलिकेचा पातळ थर असलेल्या प्लेटवरची छोटी चाचणी) केली की जवळजवळ प्रत्येकीत तेच तीन ठिपके. दिवसभर कॉलम (सिलिका भरलेली उभी काचनळी, जिच्यातून द्रवाबरोबर खाली उतरताना मिश्रणातले पदार्थ वेगळे होतात) चालला, दोन लिटर सॉल्व्हंट (विद्रावक) गेलं, आणि माल होता तसाच खाली आला. विद्यार्थ्याला विचारलं तर तो सांगतो की सॉल्व्हंट सिस्टीम पेपरातलीच घेतली होती. ते खरंही असतं. पण तोवर चूक होऊन गेलेली असते. कधी ती टीएलसी नीट न केल्यामुळे होते, कधी माल मिथेनॉलमध्ये विरघळवल्यामुळे, तर कधी सिलिका घाईत ओतल्यामुळे. मालाचा पहिला थेंब सिलिकेवर पडण्याआधीच कॉलमचा बराचसा निकाल लागलेला असतो. म्हणून या लेखात तयारीला जास्त जागा दिली आहे आणि प्रत्यक्ष कॉलम चालवण्याला कमी.

उदाहरण हळदीचं घेतलं आहे. माल स्वस्त आहे, पट्टे डोळ्यांना दिसतात, आणि तिन्ही पदार्थ एकमेकांच्या इतके जवळचे आहेत की हलगर्जीपणा लगेच उघडा पडतो. हाच क्रम दुसऱ्या कुठल्याही अर्काला किंवा अभिक्रियेच्या मिश्रणाला लागू पडतो, फक्त सॉल्व्हंट बदलतं.

### आधी एवढं लक्षात घ्या

हळदीचा पिवळा रंग तीन पदार्थांचा, म्हणजे कर्क्युमिनॉइड्सचा असतो: कर्क्युमिन, डिमेथॉक्सीकर्क्युमिन आणि बिसडिमेथॉक्सीकर्क्युमिन. कर्क्युमिनचा वाटा सर्वांत मोठा, बहुधा सत्तर टक्क्यांच्या वर. तिघांचा सांगाडा एकच. फरक एवढाच की कर्क्युमिनवर दोन मेथॉक्सी गट आहेत, दुसऱ्यावर एक, आणि तिसऱ्यावर एकही नाही. फिनॉलच्या हायड्रॉक्सिलशेजारी मेथॉक्सी असला की ते हायड्रॉक्सिल त्याच्याशीच हायड्रोजन बंध करतं, आणि सिलिकेला धरायला मोकळं कमी राहतं. त्यामुळे सिलिकेवर कर्क्युमिन सर्वांत पुढे पळतं, डिमेथॉक्सी मध्ये राहतं आणि बिसडिमेथॉक्सी मागे रेंगाळतं. हा क्रम पाठ करू नका, कारणासह समजून घ्या. शेवटी एचपीएलसीवर (उच्च दाबाने पदार्थ वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) तो उलटा होणार आहे आणि तिथेच बरेच जण फसतात.

आणखी दोन स्वभाव माहीत हवेत. हे पदार्थ उजेडात खराब होतात, आणि अल्कलीत तर फारच लवकर. हळदीत चुना घालून कुंकू करतात तेव्हा जो लाल रंग येतो, तोच तुमच्या फ्लास्कमध्ये दिसला तर भांडं अल्कलीच्या बाथमधून काढून नीट धुतलं नव्हतं असं समजा.

## टप्पा १: हळद आणि अर्क

दुकानातली पूड घेऊ नका. हळकुंडं आणा, फोडा आणि स्वतः दळा. सुट्या पुडीत मेटॅनिल यलो किंवा लेड क्रोमेटची भेसळ असू शकते आणि स्टार्चही मिसळलेला असतो. मेटॅनिल यलोची तपासणी सोपी आहे. चिमूटभर पूड पाण्यात ढवळा आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब टाका. गुलाबी-जांभळा रंग आला आणि पाणी वाढवूनही गेला नाही, तर तो माल वापरू नका. तीव्र आम्लात शुद्ध हळदही लालसर होते, पण पाणी घातलं की तो रंग जातो. आंबेहळद चुकून घेऊ नका. ती वेगळी वनस्पती आहे आणि तिच्यात आपल्याला हवा तो माल नगण्य असतो. सांगलीची असो की वर्ध्याकडची वायगावची, कर्क्युमिनॉइड्सचं प्रमाण जातीनुसार आणि मालानुसार बदलतं. सर्वसाधारणपणे सुक्या हळदीत दोन ते पाच टक्के धरून चाला.

२५ ग्रॅम पूड ५० अंश सेल्सिअसला दोन तास सुकवा. मग क्रम असा:

१. १०० मिली हेक्सेनमध्ये तासभर ढवळा, गाळा, आणि हेच पुन्हा एकदा करा. हेक्सेनमध्ये टर्मेरोन वगैरे तेलकट भाग निघून जातो, पिवळा रंग मागे राहतो.

२. उरलेली पूड हूडमध्ये (वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात) पसरून हेक्सेनचा वास जाईपर्यंत सुकवा.

३. १०० मिली अॅसिटोनमध्ये दोन तास ढवळा, गाळा, पुन्हा एकदा करा. गाळलेले दोन्ही द्रव एकत्र करा.

४. रोटावर (कमी दाबाखाली सॉल्व्हंट उडवणाऱ्या फिरत्या यंत्रावर) बाथ ४० अंशांच्या वर न नेता अॅसिटोन उडवा. गडद नारिंगी, चिकट गोळा उरेल.

५. त्यावर २० मिली हेक्सेन घालून काचेच्या कांडीने घोटा, वरचं हेक्सेन ओतून टाका. दोनदा करा. गोळा पुडीकडे झुकू लागला पाहिजे.

हेक्सेनची पायरी वाचवायचा मोह सगळ्यांना होतो. तेल राहिलं तर कॉलमवर पट्ट्याच्या पुढच्या कडा पसरतात आणि शेवटी स्फटिक येण्याऐवजी लापशी हाती लागते.

सावधान: हेक्सेन आणि अॅसिटोन दोन्ही क्षणात पेट घेतात. शेजारच्या टेबलावर बर्नर चालू असेल तर हे काम सुरू करू नका. ठिणगी पडणारी जुनी हॉटप्लेट वापरू नका.

तपासा: चिमटीत घेतलेला अर्क फिल्टर पेपरवर दाबा. पेपरवर पिवळ्या डागाभोवती तेलाचं पारदर्शक कडं उमटलं तर हेक्सेनने आणखी एकदा धुवा.

## टप्पा २: टीएलसी, आणि ती एकदा करून भागत नाही

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. एका प्लेटवर सिस्टीम ठरवून कॉलम लावणारा विद्यार्थी पुढे आठ तास वाया घालवतो.

आधी प्लेटची अवस्था पाहा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, उघड्या डब्यातली सिलिका हवेतलं पाणी ओढून घेते आणि तिची धरण्याची ताकद कमी होते. जुलैमध्ये ठरवलेले आरएफ (सॉल्व्हंट जितकं वर चढलं त्याच्या किती पट ठिपका चढला, तो आकडा) जानेवारीत जुळत नाहीत, त्यामागे बहुतेकदा हे पाणीच असतं. प्लेट ११० अंशांवर अर्धा तास तापवा आणि डेसिकेटरमध्ये थंड करा. कॉलमच्या सिलिकेलाही हाच न्याय लावा.

प्लेटच्या खालच्या कडेपासून १ सेमीवर पेन्सिलने रेघ मारा. पेनची शाई स्वतःच वर चढते. अर्क अॅसिटोनमध्ये पातळ करा, १ मिलीत १ मिलीग्रॅमच्या आसपास. बारीक कॅपिलरीने टेकवा. ठिपका २ मिलीमीटरपेक्षा मोठा होता कामा नये. चेंबरमध्ये सॉल्व्हंट अर्ध्या सेंटीमीटरपर्यंत भरा, भिंतीला फिल्टर पेपर लावा, झाकण ठेवा आणि दहा मिनिटं थांबा. वाफेने चेंबर भरलं नसेल तर सॉल्व्हंटची वरची रेघ वाकडी येते.

आता पाच सिस्टीम तपासा: नुसतं डायक्लोरोमिथेन, मग त्यात मिथेनॉल १, २, ३ आणि ५ टक्के. मिथेनॉल पिपेटने मोजा. मोजपात्रात १ टक्का आणि २ टक्के यातला फरक हरवतो, आणि आपलं सगळं वेगळेपण त्याच फरकावर उभं आहे. मिश्रण रोज ताजं करा. डायक्लोरोमिथेन भराभर उडतं, त्यामुळे कालच्या बाटलीत मिथेनॉलचं प्रमाण आज वाढलेलं असतं.

क्लोरोफॉर्म वापरणार असाल तर बाटलीवरचं लेबल वाचा. बाजारातल्या बऱ्याच क्लोरोफॉर्ममध्ये स्थिरतेसाठी १ टक्क्याच्या आसपास इथेनॉल घातलेलं असतं. म्हणजे तुम्ही मिथेनॉलचा थेंब टाकण्याआधीच त्यात अल्कोहोल आहे. एका बाटलीतून दुसऱ्या बाटलीवर गेल्यावर आरएफ बदलले तर आधी इथे पाहा.

मिथेनॉल ५ टक्के असताना तिन्ही ठिपके एकमेकांपासून लांब, छान दिसतात, आणि पेपरात बहुधा हेच चित्र छापलेलं असतं. पण कॉलमसाठी ही सिस्टीम फार जोरकस आहे, कर्क्युमिन तिच्यात सरळ पुढे निघून जातं. कॉलमच्या सुरुवातीसाठी अशी सिस्टीम शोधा जिच्यात कर्क्युमिनचा आरएफ ०.३ ते ०.३५ च्या दरम्यान आहे आणि दुसरा ठिपका त्याच्यापासून किमान ०.१ ने खाली आहे. माझ्या अनुभवात ती मिथेनॉल १ टक्क्याच्या आसपास सापडते. तुमची सिलिका आणि तुमचं सॉल्व्हंट मात्र तुमच्या प्लेटवरच ठरवा.

प्लेट तीन प्रकारे पाहा. दिवसाउजेडी पिवळं दिसेल. ३६५ नॅनोमीटरखाली तेच ठिपके पिवळे-हिरवे चमकतील आणि फिके ठिपकेही कळतील. मग प्लेट आयोडीनच्या चेंबरमध्ये ठेवा. ही तिसरी पायरी सोडू नका. हळदीचा रंग भडक असल्यामुळे नजर तिथेच थांबते, आणि तेलातले रंगहीन पदार्थ कर्क्युमिनच्या फ्रॅक्शनमध्ये (कॉलममधून नळीत गोळा केलेल्या भागात) शेवटपर्यंत लपून राहतात.

सावधान: डायक्लोरोमिथेन पातळ नायट्राइल हातमोज्यांतून मिनिटा-दोन मिनिटांत आत शिरतं. मोज्यावर सांडलं तर मोजा लगेच बदला. सगळं काम हूडमध्ये करा.

तपासा: निवडलेल्या सिस्टीममध्ये तीन प्लेट लावा. तिन्हींवर कर्क्युमिनचा आरएफ ०.०३ च्या आत जुळला तरच पुढे जा.

## टप्पा ३: कागदावरचं गणित

पाच मिनिटांचं काम आहे, पण ते न केल्यामुळे कोणता पट्टा कधी येणार याचा अंदाजच राहत नाही.

माल २५० मिलीग्रॅम. ठिपके इतके जवळ असताना सिलिका शंभरपट घ्यावी, म्हणजे २५ ग्रॅम. आरएफमध्ये ०.३ चा फरक असता तर तीस-चाळीसपट पुरली असती. १००-२०० मेशची सिलिका घ्या (मेश हा चाळणीचा आकडा, तो जितका मोठा तितके कण बारीक). ६०-१२० मेश स्वस्त मिळते आणि कॉलेजात तीच पडून असते, पण तिचे कण मोठे असल्यामुळे हे तीन पदार्थ तिच्यावर नीट सुटत नाहीत.

२५ ग्रॅम सिलिका साधारण ५० मिली जागा व्यापते. २ सेमी आतील व्यासाच्या कॉलममध्ये तिची उंची १६ सेमीच्या आसपास येते. याहून बुटका थर नको. या थरात साधारण ४० मिली सॉल्व्हंट मावतं. हे एक कॉलम व्हॉल्यूम.

आता मुख्य सूत्र: ज्या पदार्थाचा आरएफ जेवढा, त्याने एकाला भागा, तितक्या कॉलम व्हॉल्यूमनंतर तो खाली येतो. समजा तुमच्या प्लेटवर आरएफ ०.३३, ०.२ आणि ०.१ आले. तर कर्क्युमिनचा मध्य १२० मिलीला, डिमेथॉक्सीचा २०० मिलीला आणि बिसडिमेथॉक्सीचा ४०० मिलीला अपेक्षित. प्लेटची आणि कॉलमची सिलिका एकसारखी नसते, त्यामुळे थोडा फरक पडेल. पण १२० च्या जागी ५० मिलीलाच रंग खाली आला तर काहीतरी बिघडलंय हे तुम्हाला त्याच क्षणी कळेल, संध्याकाळी नाही. हे तीन आकडे वहीत लिहून ठेवा.

## टप्पा ४: कॉलम पॅक करणे

कॉलम धुऊन पूर्ण सुकवा. स्टॉपकॉक टेफ्लॉनचा असावा. काचेच्या स्टॉपकॉकला ग्रीस लावलं तर ते डायक्लोरोमिथेनमध्ये विरघळून फ्रॅक्शनमध्ये येतं आणि एनएमआरवर (रेणूतले हायड्रोजन दाखवणाऱ्या वर्णपटावर) शून्याजवळ ०.०७ ला ठळक दिसतं.

कॉलम दोन क्लॅम्पनी धरा. उभा आहे की नाही ते समोरून पाहून ठरवू नका, बाजूनेही पाहा. दोऱ्याला जड नट बांधून ओळंबा करा आणि दोन्ही बाजूंनी जुळवा. कॉलम कलला की पट्टा तिरका उतरतो. तिरक्या पट्ट्याची खालची कड दुसऱ्या पदार्थात शिरते, आणि तिथून पुढे कितीही काळजी घेतली तरी ते निस्तरत नाही.

१. तळाला कापसाचा छोटा बोळा. फार घट्ट दाबला तर प्रवाह अडतो, सैल ठेवला तर सिलिका गळते. सॉल्व्हंट ओतून पाहा, धार मोकळी पडली पाहिजे.

२. त्यावर धुतलेली, सुकवलेली वाळू, १ सेमी. पृष्ठभाग सपाट करा.

३. बीकरमध्ये २५ ग्रॅम सिलिका घ्या आणि त्यावर सुरुवातीच्या सिस्टीमचं ७५ मिली सॉल्व्हंट ओता. ढवळा. सिलिका भिजताना गरम होते, बीकरला हात लावला तर जाणवतं. ती पूर्ण थंड होऊ द्या आणि बुडबुडे येणं थांबेपर्यंत ढवळत राहा. ही स्लरी गरम असतानाच ओतली तर उरलेले बुडबुडे कॉलममध्ये सुटतात आणि तिथेच भेगा पडतात.

४. कॉलममध्ये आधी १० सेमी सॉल्व्हंट ठेवा. स्टॉपकॉक थोडा उघडा, फनेलमधून स्लरी एकाच दमात ओता. थांबत थांबत ओतली तर प्रत्येक वेळी मोठे कण आधी बसतात आणि थरांच्या आडव्या रेषा दिसतात.

५. रबरी नळीच्या तुकड्याने कॉलमच्या अंगावर चारही बाजूंनी हलकं ठोकत राहा. डायक्लोरोमिथेन जड असल्यामुळे सिलिका त्यात सावकाश बसते, घाई करू नका. ती त्यात जवळजवळ पारदर्शक होते, त्यामुळे आतली भेग किंवा बुडबुडा सहज दिसतो.

६. खाली आलेलं सॉल्व्हंट पुन्हा वर ओतून ८० मिली फिरवा. थराची उंची बदलणं थांबलं की वर अर्धा सेमी वाळू टाका.

सावधान: सुकी सिलिका उडते आणि श्वासावाटे आत जाते. हूडमध्येच तोला आणि मास्क लावा.

या टप्प्यावर उन्हाळ्याचा विचार करावाच लागतो. डायक्लोरोमिथेन जवळपास ४० अंशांना उकळतं. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे दुपारी एसी नसलेल्या लॅबमध्ये ते कॉलमच्या आतच उकळू लागतं. मी स्वतः एका मे महिन्यात दोन कॉलम लागोपाठ असे गमावले. सकाळी निर्दोष दिसणारा थर दुपारी एक वाजता मधोमध फाटला, आणि मी पॅकिंगलाच दोष देत राहिलो. तिसरा कॉलम सकाळी साडेसहाला सुरू केला आणि अकराच्या आत संपवला, तो नीट गेला. उन्हाळ्यात हे काम पहाटेच करा. आदल्या संध्याकाळी अर्क सिलिकेवर चढवून ठेवा, कॉलम मात्र सकाळी पॅक करा.

तपासा: टॉर्च मागे धरून कॉलम वरपासून खालपर्यंत पाहा. एकही भेग, बुडबुडा किंवा आडवी रेषा दिसली तर सगळं बाहेर काढून पुन्हा पॅक करा. यात अर्धा तास जातो. सदोष कॉलमवर माल चढवलात तर मालही जातो आणि दिवसही.

## टप्पा ५: माल चढवणे

सगळ्यात जास्त कॉलम इथे मरतात, आणि कारण ठरलेलं असतं. अर्क डायक्लोरोमिथेनमध्ये लवकर विरघळत नाही म्हणून विद्यार्थी त्यात मिथेनॉल टाकतो. दोन मिली मिथेनॉलमध्ये विरघळलेला माल सिलिकेवर पडला की ते मिथेनॉल तिन्ही पदार्थांना एकदम ओढून पाच-सहा सेंटीमीटर खाली नेतं. सुरुवातीलाच पट्टा एवढा रुंद झाला की १६ सेमीच्या थरात वेगळं व्हायला जागाच उरत नाही.

म्हणून माल कोरडा चढवा.

१. २५० मिलीग्रॅम अर्क १० मिली अॅसिटोनमध्ये पूर्ण विरघळवा. गाळ दिसला तर गाळून घ्या.

२. त्यात १ ग्रॅम सिलिका टाका. हे कॉलमच्या २५ ग्रॅममध्ये धरायचं नाही.

३. रोटावर सावकाश उडवा. व्हॅक्यूम हळूहळू वाढवा. शेवटी सिलिका एकदम उसळते आणि पंपाकडे जाते, म्हणून मधल्या ट्रॅपच्या तोंडाशी कापूस लावा.

४. पूड रांगोळीसारखी सुटी पडली पाहिजे. गोळ्या होत असतील तर आत अॅसिटोन किंवा तेल आहे. अॅसिटोनचा वास येत असेल तर आणखी अर्धा तास व्हॅक्यूमवर ठेवा. पुडीत राहिलेलं अॅसिटोन मिथेनॉलसारखंच पट्टा पसरवतं.

५. कॉलममधलं सॉल्व्हंट वरच्या वाळूच्या १ सेमी वर आणून स्टॉपकॉक बंद करा. पूड कोरड्या फनेलमधून टाका. भिंतीला चिकटलेली पूड थोड्या सॉल्व्हंटने खाली घ्या. थर सपाट झाला की वर पुन्हा अर्धा सेमी वाळू.

तपासा: वरचा नारिंगी थर सगळीकडे सारख्या जाडीचा, अर्धा ते १ सेमी दिसायला हवा. जिथे खोलगट भाग आहे तिथून पट्टा आधी उतरेल.

## टप्पा ६: कॉलम चालवणे

कॉलमभोवती अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळा आणि पट्टा पाहायला पुढे उभी फट ठेवा. नळ्यांवर आधीच क्रमांक टाका. प्रत्येकीत १० मिली, म्हणजे पाव कॉलम व्हॉल्यूम. स्टँडवरही फॉइल झाका.

पहिलं ५ मिली सॉल्व्हंट पिपेटने भिंतीवरून सोडा आणि थराखाली उतरू द्या. असं तीनदा झालं की मग फनेलने भरा. वेग मिनिटाला २ ते ३ मिली ठेवा. त्याहून वेगात पदार्थाला सिलिकेवर चढ-उतर करायला वेळ मिळत नाही, आणि फार सावकाश चालवला तर पट्टे आपोआप पसरतात.

सॉल्व्हंटचा क्रम:

१. सुरुवातीची सिस्टीम, मिथेनॉल १ टक्का: कर्क्युमिन पूर्ण बाहेर येईपर्यंत. पट्टा तिरका किंवा शेपूट ओढणारा दिसत असेल तरी टक्का वाढवू नका, येऊ द्या.

२. मिथेनॉल २ टक्के: दोन पट्ट्यांमधली फिकी जागा खाली उतरली की सुरू करा.

३. मिथेनॉल ५ टक्के: डिमेथॉक्सी संपल्यानंतर, बिसडिमेथॉक्सीसाठी.

मिथेनॉल एकदम वाढवू नका. १ वरून ५ वर उडी मारली की मागचे दोन्ही पट्टे एकत्र पळत येतात, आणि सकाळपासून कमावलेलं सगळं शेवटच्या अर्ध्या तासात जातं. १० टक्क्यांच्या वर तर जाऊच नका, सिलिकेचे बारीक कण खाली उतरू लागतात.

सॉल्व्हंटची पातळी वाळूच्या खाली एकदाही जाऊ देऊ नका. जेवायला जाताना स्टॉपकॉक बंद करून वर झाकण ठेवलं तर अर्धा-पाऊण तास चालतं. रात्रभर मात्र कॉलम ठेवू नका. थांबलेल्या कॉलममध्येही पदार्थ सर्व दिशांना पसरत राहतात.

२३०-४०० मेशवर फ्लॅश कॉलम, म्हणजे हवेच्या दाबाने चालवलेला कॉलम, करायचा असेल तर फिशटँकच्या छोट्या पंपाची हवा पुरते. वेग असा ठेवा की थरावरची सॉल्व्हंटची पातळी मिनिटाला ५ सेमी उतरेल. वरचा सांधा क्लिपने बांधा आणि दाब सोडायला टी-जोड ठेवा. तडा गेलेल्या काचेवर दाब कधीच देऊ नका.

तपासा: पहिला रंग किती मिलीला खाली आला? वहीतल्या आकड्याशी ताडा. पट्ट्याच्या मध्याआधी पुढची कड येणार, त्यामुळे १०० मिलीच्या आसपास रंग दिसला तर ठीक. ५० लाच आला तर माल चढवताना मिथेनॉल किंवा अॅसिटोन गेलं आहे.

## टप्पा ७: फ्रॅक्शन एकत्र करणे

रंग बघून नळ्या एकत्र करू नका. तिन्ही पदार्थ पिवळेच आहेत. आधी दर तिसऱ्या नळीची टीएलसी करा, मग जिथे बदल दिसेल तिथे प्रत्येक नळीची. प्लेटवर शेजारी मूळ अर्काचा ठिपका हवाच, त्याशिवाय कोणता ठिपका कोणाचा हे ठरत नाही.

शुद्ध वाटणाऱ्या नळ्या एकत्र करण्याआधी आणखी एक प्लेट लावा आणि त्यावर ठिपका तिप्पट गडद टाका. पातळ ठिपक्यात ५ टक्के भेसळ दिसत नाही. गडद ठिपक्याखाली दुसरा उमटला तर ती नळी मधल्या गटात टाका. हा मधला, मिश्र गट वेगळाच राहू द्या. त्यातल्या चाळीस मिलीग्रॅमसाठी शुद्ध माल पुन्हा मिसळणारे मी खूप पाहिले आहेत. तो गट पुन्हा छोट्या कॉलमवर टाकता येतो.

## टप्पा ८: सॉल्व्हंट उडवणे आणि ओळख पटवणे

रोटावर ४० अंशांच्या आत उडवा, मग चांगल्या व्हॅक्यूमवर दोन तास ठेवा. तोला, पुन्हा तासभर ठेवा, पुन्हा तोला. दोन वजनांत १ मिलीग्रॅमहून जास्त फरक असेल तर सॉल्व्हंट अजून आत आहे. हे पदार्थ डायक्लोरोमिथेन घट्ट धरून ठेवतात, आणि एनएमआरवर ५.३० चं शिखर बघून मग उत्पन्नाचे आकडे खोडावे लागतात.

कर्क्युमिन गरम इथेनॉलमधून स्फटिकीकृत करा. कमीत कमी इथेनॉल, हळूहळू थंड, अंधारात. नारिंगी-पिवळ्या सुया येतात. वितळणबिंदू १८० ते १८३ अंशांच्या दरम्यान यावा. त्याहून खाली आणि लांब पसरलेला असेल तर डिमेथॉक्सी अजून आत आहे.

ओळखीसाठी एनएमआर सर्वांत निर्णायक. क्लोरोफॉर्म-डीमध्ये ३.९५ च्या आसपास मेथॉक्सीचं शिखर पाहा. कर्क्युमिनमध्ये ते सहा हायड्रोजनचं, डिमेथॉक्सीमध्ये तीनचं, बिसडिमेथॉक्सीमध्ये नसतंच. वस्तुमान वर्णपट असेल तर रेणुभार ३६८, ३३८ आणि ३०८, दर वेळी ३० ने कमी.

एचपीएलसी करताना सावध राहा. सी-१८ कॉलमवर (एचपीएलसीचा नेहमीचा, सिलिकेच्या उलट वागणारा कॉलम) क्रम उलटतो: बिसडिमेथॉक्सी आधी, मग डिमेथॉक्सी, कर्क्युमिन शेवटी. सिलिकेवरचा क्रम डोक्यात ठेवून पहिल्या शिखराला कर्क्युमिन लिहिलेले आलेख मी तपासले आहेत. मोबाइल फेज (वाहतं सॉल्व्हंट) अॅसिटिक किंवा फॉर्मिक आम्लाने थोडी आम्लधर्मी ठेवा, नाहीतर शिखरांना शेपट्या येतात. ४२५ नॅनोमीटरवर पाहा, आणि एकदा २५४ वरही पाहा, म्हणजे रंगहीन भेसळ सुटणार नाही.

तपासा: सगळ्या गटांच्या वजनांची बेरीज करा आणि चढवलेल्या २५० मिलीग्रॅमशी ताडा. बरीच तूट असेल तर कॉलममधून १०० मिली अॅसिटोन सोडून पाहा. वर चिकटलेला तपकिरी भाग उतरतो का, त्यात आपला माल आहे का, ते टीएलसीवर ठरेल. बेरीज २५० हून जास्त आली तर माल सुकलेला नाही किंवा सिलिका खाली आली आहे. डायक्लोरोमिथेनमध्ये विरघळवून गाळा आणि पुन्हा तोला.

### आवराआवर

डायक्लोरोमिथेन आणि क्लोरोफॉर्म क्लोरीनयुक्त कचऱ्याच्या वेगळ्या कॅनमध्ये, हेक्सेन वेगळ्या कॅनमध्ये. क्लोरोफॉर्म आणि अॅसिटोन एकाच बाटलीत टाकू नका. त्यात कुठून अल्कली आली तर मिश्रण जोरात तापतं आणि बाटली फुटू शकते. ओली सिलिका कॉलममधून हवेच्या दाबाने सॉल्व्हंट काढून हूडमध्ये सुकवा, मग बंद पिशवीत भरा. सिंकमध्ये ओतली तर पाइप तुंबतोच, शिवाय सॉल्व्हंटही गटारात जातं.

शुद्ध केलेले तिन्ही नमुने तपकिरी व्हायलमध्ये, फॉइल गुंडाळून, फ्रीजरमध्ये ठेवा. लेबलवर पदार्थाचं नाव, फ्रॅक्शनचे क्रमांक, वजन आणि तारीख पेन्सिलने लिहा. शाई सॉल्व्हंटने पुसली जाते.